नावाचा रकाना

नसरीन, पुरुष मंडळी तुला घेऊन कब्रस्तानात गेली, तेव्हा आम्ही बायका तुझ्या फरीज बिन ओमरानच्या फ्लॅटमध्ये बसून होतो. तुझा चेहरा मला हॉस्पिटलातच दाखवला, जेमतेम एक मिनिट. मला वाटलं होतं तुला घरी आणतील, मग नीट बघता येईल. आमच्याकडे वसईला माणूस घरात असतो, लोक येत राहतात, बाजूला बसून रोझरी म्हणतात, मध्येच कुणीतरी त्याच्या आठवणी काढून हसतंसुद्धा. इथे तसं नसतं हे मला माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं या आखाती देशात काढली. पण विचारायची कधी वेळच आली नव्हती.

तुझ्या घरी स्वयंपाक करायचा नव्हता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईने भाताचं मोठं पातेलं आणून ठेवलं होतं. मी ते गरम करायच्या निमित्ताने आत उभी राहिले. बाहेर तुझ्या नणंदा आपसात हळू आवाजात बोलत होत्या, तुझ्याच रत्नागिरीकडच्या बोलीत. तुझे ते ‘मना’ आणि ‘हाय’ आणि ‘गो’. प्रत्येक वाक्यात मला तू ऐकू येत होतीस. ते मला सहन होईना.

मग सना आत आली. तुझी पोरगी रडून रडून लाल झाली होती. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आंटी, व्हॉट वर यू अँड मम्मा ऑलवेज फायटिंग अबाउट?”

“काचेबद्दल,” मी म्हटलं.

“ग्लास?” तिला एकदम हसू आलं, आणि मग पुन्हा रडू.

मी तिला खरं सांगितलं नाही. आपण काचेबद्दल कधीच भांडलो नाही. आपण भांडलो एका रकान्यावरून. पण ते सांगायला फार वेळ लागला असता आणि भात खाली लागत होता. म्हणून आता लिहिते. यातलं बहुतेक तुला माहीत आहे. फक्त भांडणाचा शेवट माहीत नाही.

*

तू नोकरीला लागलीस त्याच आठवड्यात मी कॅन्टीनमध्ये आईशी फोनवर बोलत होते. “आई, खलास आता, रात्री करते,” म्हणून फोन ठेवला, तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “वसईची काय गो तू?” मी चकित झाले. खिडक्यांच्या काचा बनवणाऱ्या आपल्या अख्ख्या कारखान्यात कुणाला मराठी येत नव्हतं. मी प्रॉडक्शनची इनचार्ज, सगळ्यांशी हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठी फक्त फोनवर आणि मनात. तू आलीस आणि माझी भाषा कामावर यायला लागली.

याचा फायदाही आपण चांगला घेतला. मीटिंगमध्ये आपले जनरल मॅनेजर मुरादसाहेब समोर बसलेले असताना, हसऱ्या चेहऱ्याने, आपण एकमेकींना काय काय ऐकवायचो! त्यांना वाटायचं दोन बहिणी किती गोडीने बोलतात.

तुझ्यासारखी क्वालिटी तपासणारी बाई मी आधी पाहिली नव्हती. आपला माल साधा. दोन काचा, कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, पट्टीत ओलावा शोषणारे बारीक मणी, आणि चारही बाजूंनी सील. मध्ये कोरडी हवा बंद. या उन्हात घरं थंड राहतात ती त्या हवेच्या जोरावर. आत दमट हवा राहिली तर काही महिन्यांनी काच आतून धुरकट होते, आणि आतून धुरकट झालेली काच जगात कुणालाही पुसता येत नाही. तपासणी म्हणजे काय, तर तयार काचेवर गोठवणारी थंड वाटी टेकवायची. आत दव धरलं किंवा धूळ दिसली की लाल स्टिकर, नाहीतर हिरवा. मग कागदावर सही, कागद फाइलमध्ये, फाइल कपाटात.

तू ते कपाट उघडून उभी राहिलीस आणि मला हाक मारलीस.

“रोझ, हे कागद कोण वाचता?”

“ऑडिटर.”

“तो वर्षातून एकदा येता. बाकीचं वर्ष हे कागद काय करतात?”

मी खांदे उडवले. मला तेव्हा तू थोडी आगाऊ वाटली होतीस, हे आता सांगायला हरकत नाही.

पण तू त्या सगळ्या फाइली टेबलावर ओतल्यास. तुझं म्हणणं होतं की लाल स्टिकर लावणं म्हणजे मेलेल्याची नाडी बघणं; लाल कुठे उगवतो ते बघायला हवं. कोणत्या टेबलावर, सकाळी की दुपारी, हवा दमट होती की कोरडी, दव काचेच्या कोपऱ्यात धरलं की मधोमध. तू एक नवीन शीट बनवलंस. मोठं करून भिंतीवर लावलंस, टेबलवार, रोजचं, प्रत्येक लाल स्टिकरमागे एक लाल ठिपका. कामगार येता-जाता थांबून बघायला लागले. कुणी काही समजावलं नव्हतं, तरी ठिपक्यांची गर्दी कुठे होते ते त्यांना दिसत होतं.

त्या शीटवर सगळे रकाने होते. फक्त काच कुणी बनवली त्याचं नाव नव्हतं.

“विसरलीस,” मी म्हटलं.

“विसरले नाय.”

“अगं, नाव नसेल तर मी कुणाला शिकवू? कुणाचा हात कच्चा आहे हे मला कळायला नको?”

“तुला हात दिसता, साहेबाला मान दिसता,” तू म्हणालीस. “नाव लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाय, रोझ. लोकांना नाव सापडलं की शोध थांबता.”

मी म्हटलं, ही भीती झाली, हे काही शास्त्र नव्हे. तू म्हणालीस, तुझ्या शास्त्रात भीती कुठल्या रकान्यात लिहितात? आणि असं ते सुरू झालं. चहाला, डब्याला, गाडीत. तुझ्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा तोडून माझ्या ताटात टाकायचीस आणि त्याच दमात मला नावं ठेवायचीस.

*

मग मदिनत अश शमाल गावातून तक्रार आली. समुद्राजवळच्या एका घराच्या सगळ्या खिडक्या धुरकटल्या होत्या. आपण दोघी गाडी घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने आपल्याला आधी बसवलं, चहा दिला, मग खिडकीपाशी नेलं. डोक्यावरच्या रुमालाचं टोक घेऊन काच पुसून दाखवली. “बघा, सिस्टर,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “बाहेर नाही. आत.” रागावला नव्हता. समुद्र बघायला घर बांधलं होतं, म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर गाडी मी चालवत होते. मी दोन-तीनदा विषय काढला. तू नुसती बाहेरच्या वाळूकडे बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी मुरादसाहेबांनी विचारलं, कोणतं टेबल? तीन नंबर. कोण असतं तिथे? आणि शीटवर नाव नसूनही सगळ्यांना माहीत होतं. यादगिरी. तेलंगणाचा, शांत, मान खाली घालून काम करणारा. चूक झाली की आपण हसतो ना कसंनुसं, तसं हसायचा. साहेबांना ते हसणं उद्धटपणाचं वाटलं.

तू एक महिना मागितलास. “सर, ठिपके फक्त सकाळचे आहेत. माणूस सकाळी निष्काळजी आणि दुपारी काळजीवाला कसा असेल? मला एक महिना द्या.” तू चांगल्या इंग्रजीत, शांतपणे सांगितलंस. ते म्हणाले, कस्टमरला मी काय सांगू, महिन्याने सांगतो? कुणीतरी जबाबदार असायला हवं. खलास.

यादगिरीला परत पाठवलं. त्याने बॅग भरली, सगळ्यांचा निरोप घेतला. तुझ्यापाशी आला आणि म्हणाला, “मैडम, मैंने तो वैसे ही किया जैसे सिखाया था.”

त्या संध्याकाळी गाडीत आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, नसरीन, तुझ्या शीटवर नाव असतं ना, तर तो वाचला असता. हिवाळ्यात तो एक नंबरच्या टेबलावर होता, तिथली त्याची एकही काच रिजेक्ट झाली नव्हती, मला आठवतंय. पण माझ्या आठवणीला कोण विचारतं? तेच लिहिलेलं असतं, तर साहेबांच्या समोर ठेवता आलं असतं. तू नाव काढून त्याला वाचवलं नाहीस. तू त्याचा साक्षीदार काढून घेतलास.

तू सिग्नलला गाडी थांबवलीस. मग म्हणालीस, “आणि साहेबाने हिवाळ्याचं पान उलटलं असतं?”

पण मला अजूनही वाटतं की माझा मुद्दा पोकळ नव्हता. तुलाही वाटत असणार, नाहीतर तू तेव्हाच खिडकी खाली करून मोठ्याने हॉर्न वाजवला नसतास. तुला हरल्यासारखं वाटलं की तू हॉर्न वाजवायचीस.

*

पुढचं मात्र तुझं. त्याचं श्रेय मी कुणाला घेऊ देणार नाही.

यादगिरीच्या जागी नवीन माणूस आला. लाल ठिपके तिथेच, तसेच. साहेब म्हणाले, नवा आहे, शिकेल. तू माझ्याकडे आलीस आणि माझी सगळ्यात हुशार जोडी मागितलीस, एक नंबरच्या टेबलावरची. मी म्हटलं, माझं प्रॉडक्शन बसेल. तू म्हणालीस, “बसू दे गो. मदिनत अश शमालच्या त्या म्हाताऱ्याचा समुद्र बसलाय.” मी दिली जोडी. दमट दिवसांत, सकाळच्या वेळी, माझ्या त्या हुशार माणसांच्या काचांवरही दव धरलं. ते दोघे इतके खजील झाले की तुलाच त्यांची समजूत घालावी लागली.

तू त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलीस. नुसती बसलीस. सकाळी माल भरायला ट्रक लागतो, मागचं मोठं शटर वर जातं. तीन नंबरचं टेबल शटरच्या तोंडाशी. बाहेरची ओली, चिकट हवा सरळ तिथे येते. आणि मण्यांचा ट्रे तिथेच उघडा पडलेला. ते मणी पट्टीत जायच्या आधीच पोट भरून ओलावा पिऊन बसलेले. काचेत बंद झाल्यावर ते आणखी काय शोषणार?

तू उठलीस, ट्रेवर पुठ्ठा झाकलास आणि मला बोलावलंस. म्हणालीस, “माणूस नाय. दरवाजा.” तू पुठ्ठ्यावरून हात उचलला नाहीस. मला वाटलं होतं तू आनंदाने सांगशील.

टेबल हलवलं, शटरला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लागला, मण्यांना झाकण आलं. भिंतीवरच्या शीटवरचे ठिपके विरळ झाले, मग दिसेनासे झाले. मुरादसाहेबांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं. तू तिथेच, सगळ्यांसमोर, विचारलंस, “सर, यादगिरी?” ते म्हणाले, त्याचा व्हिसा रद्द झाला, आता काय करणार. खलास. त्यांच्या तोंडचा तो शब्द ऐकून तू जशी त्यांच्याकडे पाहत राहिलीस, तसं माझ्याकडे कधी पाहिलं नाहीस, आपण एवढं भांडलो तरी.

*

एका शुक्रवारी आपण सूक वाकिफच्या बाजारात गेलो होतो. तुला सुकी लिंबं हवी होती, मला दालचिनी. मसाल्याच्या दुकानात उभ्या असताना यादगिरीचा फोन आला. तूच त्याला निरोप पाठवला होतास, काय सापडलं ते. मला वाटलं, तो खूश होऊन आभार मानेल.

त्याने आभार मानले. मग म्हणाला, “मैडम, ये बात आप मेरे बाप को बोल दो. गाँव में सब बोलते हैं, खराब काम करके निकाला गया.”

तू म्हणालीस, दे त्यांना फोन. पण त्याच्या वडिलांना फक्त तेलुगू. तू हिंदीत सांगायचीस आणि यादगिरी तेलुगूत करून सांगायचा. चार वाक्यांनंतर तू थांबलीस. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, यादगिरीने त्याचं हिंदी करून सांगितलं नाही. तुला कळलं. बाप म्हणत असणार, तू तुझ्या मनाचं सांगतोयस.

तू फोन कानाला तसाच धरून दुकानदाराला विचारलंस, इथे कुणाला तेलुगू येतं का? मिरचीच्या पोत्यांमागून एक पोक्त सेल्समन पुढे आला. तू त्याला हिंदीत सगळं सांगितलंस, टेबल, शटर, हवा, मणी. त्याने दोनदा शंका विचारल्या. मग फोन हातात घेऊन तो मोठ्याने बोलायला लागला. बाजारात बायका थांबून बघत होत्या. आपल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. फक्त त्याचा हात हवेत टेबल दाखवत होता, मग शटर वर जाताना दाखवत होता. शेवटी तो गप्प झाला, ऐकत राहिला, आणि फोन परत देताना म्हणाला, “रो रहा है, अम्मा.”

यादगिरी परत आला नाही. तू दुसऱ्या कंपन्यांमध्ये शब्द टाकलास, पण तो म्हणाला, अब नहीं आऊँगा. तू सुकी लिंबं घ्यायला विसरलीस. गाडीत बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणालीस, “बघितलंस नाव लिहिल्याने काय होता ते?” मी म्हटलं, “नाव कुठे लिहिलं होतं?” आणि आपण दोघी एकाच वेळी हसलो आणि लगेच थांबलो.

*

मग टॅब्लेट आले. हेड ऑफिसने पाठवले. आता तपासणी कागदावर नाही, स्क्रीनवर. काच कुणी बनवली त्याचा आयडी टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तू आयडीच्या जागी टेबलाचा नंबर टाकायला लागलीस. काही दिवसांनी वरून विचारणा झाली.

त्या गुरुवारी मी तुला म्हटलं, टाक ना नावं. आपल्याकडे ठेवू, वर दाखवायची गरज नाही. तू म्हणालीस, “वर जायला किती वेळ लागता? एक बोट.” मी म्हटलं, तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, तू भोळी आहेस. चहा न पिताच आपण उठलो. गाडीत बसताना तू काच खाली करून म्हणालीस, “शनिवारी बोलू.”

शुक्रवारी सकाळी तुझ्या नवऱ्याचा, हनीफभाईंचा फोन आला. तू नमाजच्या आधी पाणी प्यायला उठलीस आणि स्वयंपाकघरात कोसळलीस. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. तू पुन्हा डोळे उघडले नाहीस. आयसीयूच्या बाहेर हनीफभाई मला म्हणाले, “तिला सांगा ना काहीतरी. तुमच्याशी बोलायला ती जागी होईल.” मी आत गेले, तुझा हात धरला. शेवटी म्हटलं, नसरीन, तू चुकतेयस. वाटलं, यावर तरी उठशील.

तुझ्यासाठी मी चर्चमध्ये मिस्सा ठेवली. तुला कळलं असतं तर तू खूप हसली असतीस. फादरनी मृतांची नावं वाचली, मारिया, अँटनी, मारिया, आणि मग नसरीन. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं. मी मान ताठ ठेवली.

*

आता शेवट सांगते.

नवीन माणूस मिळेपर्यंत क्वालिटी माझ्याकडे दिली. म्हणजे तुझी खुर्ची. मी टॅब्लेटवर आयडी टाकायला सांगितले. होय, सांगितले. मला वाटलं, तुझी भीती आणि माझा मुद्दा दोन्ही सांभाळून दाखवीन. महिना संपला तेव्हा मशीनने आपोआप यादी काढली, वर हिरवी नावं, तळाला लाल. मुरादसाहेब म्हणाले, तळाच्या लोकांचं बघा.

मी त्यांच्यापुढे यादगिरीची गोष्ट ठेवली. ती त्यांना चांगली आठवत होती. मी म्हटलं, सगळ्यांना टेबलं बदलून काम करू दे. लाल टेबलाबरोबर राहतो की माणसाबरोबर जातो ते बघू. मग बोला. ते कबूल झाले. मला इतका आनंद झाला, मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, बघ.

टेबलं बदलली. बहुतेक लाल जागेवरच राहिले, एका टेबलावरचा पंखा वाकडा होता, एका ठिकाणी सीलचा पंप अडकत होता. नावं हिरवी झाली. एकच लाल माणसाबरोबर हिंडत राहिला. शफिकुल. बांगलादेशचा, पिकलेल्या दाढीचा, तुला सलाम करायचा तोच. काच बंद करायच्या आधी पुसायचं काम त्याचं. ज्या टेबलावर तो जाईल, तिथे काचेत धूळ राहायची.

मी त्याला बाजूला बोलावलं आणि मोबाईलवरचा मेसेज वाचायला दिला. त्याने फोन लांब धरला, आणखी लांब धरला, मग हसला आणि म्हणाला, चश्मा नहीं है मैडम. जवळचं दिसत नव्हतं त्याला. कित्येक दिवसांपासून. कळलं तर घरी पाठवतील म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. दुसऱ्या आठवड्यात त्याची एकही काच लाल नव्हती.

नसरीन, मी त्या दिवशी तुझ्याशी काय काय बोलले! बघ, म्हटलं, नाव नसतं तर हा माणूस कधी सापडला असता? तुझ्या शीटवर तो टेबलांमध्ये विरघळून गेला असता. धूळ, धूळ, धूळ, एवढंच दिसलं असतं, आणि आपण पंखे आणि दारं शोधत बसलो असतो. नाव होतं म्हणून त्याला चष्मा मिळाला. हे तुला ऐकायला लावायची माझी फार इच्छा होती.

मग साहेबांनी बोलावलं. हेड ऑफिसकडून शफिकुलचं नाव आलं होतं. सलग तळाला राहिलेला माणूस, त्याचा करार संपत आलाय, पुढे वाढवायचा नाही. मी नवे आकडे दाखवले. चष्म्याचं सांगितलं. मुरादसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, रोझलिन, मला पटतं, पण यादी गेली. आता वर कोण समजावणार? मी हेड ऑफिसला स्वतः लिहिलं. फोन केला. पलीकडचा तरुण मुलगा फार नम्रपणे म्हणाला, मॅम, आमच्याकडे फक्त नाव आणि रँक येतं, चष्म्याचं काही येत नाही.

त्याला विमानतळावर मीच सोडायला गेले. आत जाताना तो थांबला, बोर्डिंग पास नाकासमोर धरला आणि म्हणाला, “मैडम, गेट नंबर खुद पढ़ लिया.” त्याला खरोखरच आनंद झाला होता. मला दाखवायला त्याने तो पुन्हा वाचला.

मी पार्किंगमध्ये बसून राहिले. टॅब्लेटवर मी पुढच्या महिन्यापासून आयडी टाकणार नाही असं साहेबांना लिहून दिलंय. ते काय करतील माहीत नाही. माझी नोकरी राहील का, तेही माहीत नाही. तुझं शीट मी पुन्हा भिंतीवर लावलं आहे.

वाद तू जिंकलीस, नसरीन. मला तुझ्यासमोर हरायचं होतं, कॅन्टीनमध्ये, चहा घेताना, तू माझ्या ताटात भाकरीचा तुकडा टाकत असताना. तू मोठ्याने हसली असतीस, आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं असतं, आणि मी हट्टाने म्हटलं असतं की अजून एक मुद्दा राहिलाय. तो मुद्दा अजूनही माझ्याकडे आहे. चांगला आहे. पण आता तो मराठीत कुणाला सांगू?